मूळपणा : पंचवीस गुण

गोल्फ क्लबच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून झाल्या
आणि सकाळी सातला पहिली जीप आली,
मग दुसरी, मग एकदम नऊ.
बॉनेटं उघडून उभ्या राहिल्या ओळीत,
दातांच्या डॉक्टरपुढे आ करून बसावं तशा.

माझ्या छातीवर परीक्षकाचा बिल्ला.
सातपूरला एकतीस वर्षं तपासणी खात्यात होतो,
हातात लाल खडू.
एक फुली मारली की आख्खी गाडी मागे जायची
आणि सुपरवायझर दोन दिवस बोलायचा नाही.
आता खडूऐवजी छापील तक्ता :
रंग वीस, इंजिन तीस, आसनं दहा,
नीटनेटकेपणा पंधरा, मूळपणा पंचवीस.

माईकवर निरंजन गायधनी इतिहास सांगत होते.
युद्ध, वाळवंट, चिखल,
बोटीतून उतरलेली खोकी, आपल्याकडची जुळणी,
आणि चारही चाकांना जोर देणारा
तो दुसरा दांडा.
चांगलं बोलले.
फक्त त्यांच्या इतिहासात रस्ते नव्हते.

क्रमांक नऊ. हिरामण भोये, तालुका पेठ.
रंग?
वडाळा नाक्याला, लियाकतभाईनं मारला.
पुढचा आस?
देवळालीच्या लिलावातला.
इंजिन?
हे दुसरं. पहिलं कोटंबीच्या घाटात गेलं.
गेलं म्हणाला, घरातलं माणूस गेल्यासारखं.
मी लिहीत राहिलो.

मग टपाच्या कांबीवर, डाव्या बाजूला,
एक आकडा दिसला.
दोन सुती सळई वाकवून डागलेला,
कुठल्याच आराखड्यात नसलेला.
माझ्या हाताखालून तर सुटलाच नसता.

हा कशाला?
बाटलीला.
कसल्या?
सलाईनच्या. बाबा पाड्यावरून सिव्हिलला पेशंट न्यायचे.
आधी कंपाउंडर बाटली वर धरून बसायचा.
सावळघाटात त्याचा हात भरून यायचा,
हात खाली आला की नळीत रक्त उलटं चढायचं.
एका रात्री बाबांनी करंजाळीत वेल्डरला उठवला.

किती जण नेले?
(तक्त्यात हा प्रश्न नव्हता.)
मोजले नाहीत, साहेब. दोघं गाडीतच जन्मले.
एक पोचला नाही.
डिझेलचं कुणी द्यायचं, कुणी नागली द्यायचं,
कुणी नुसतंच दिवाळीला बघू म्हणायचं.

क्लबवाले म्हणाले होते, कापून टाक, गुण वाढतील.
लियाकतभाईनं ग्राइंडर लावला,
चालू केला, बंद केला.
म्हणाला, तूच काप, मला दुसरं काम आहे.

मी आकड्याला हात लावला.
सांधा खरबरीत, घाईचा, झोपमोड झालेल्या माणसाचा.
आकड्याच्या पोटात एक खाच,
बाटलीच्या तारेनं घासून पडलेली.
नव्या रंगाखालीही बोटाला लागते.

नियम तो नियम.
मूळपणाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं,
गोल, स्पष्ट, खाली सही.
एकतीस वर्षांत माझी फुली कुणी खोडली नाही,
मीसुद्धा नाही.

तेवढ्यात कुणीतरी चहा आणला. हात मोकळे हवेत
म्हणून चष्म्याची पिशवी आकड्याला अडकवली,
कप रिकामा करून क्रमांक दहाकडे वळलो.
बक्षीस एका हिरव्यागार जीपला गेलं,
जी मैदानावर ट्रकमधून आली होती.

संध्याकाळी फोन वाजला.
साहेब, तुमची पिशवी पेठपर्यंत आली.
लटकतच होती. उद्या आणून देतो.
नको, म्हटलं. मीच येतो. रस्ता सांग.

तो सांगू लागला :
सावळघाट उतरा, करंजाळी सोडा,
पेठ ओलांडलं की शाळेपाशी
डावीकडे डांबर संपतं.
तिथून पुढे दुसरा दांडा लागतो.